वेगाला पुरेल एवढी जमीन : मोटारींच्या वेगविक्रमांची पार्श्वभूमी

18 डिसेंबर 1898 रोजी पॅरिसच्या वायव्येला असलेल्या आशेर येथील एका सरळ, मोकळ्या रस्त्यावर गास्तों द शास्लू-लोबा यांनी विजेवर चालणारी झांतो बनावटीची मोटार एक किलोमीटर अंतर 57 सेकंदांत नेली. हा वेग ताशी 63.15 किलोमीटर होतो. त्या काळी आगगाड्या याहून वेगाने धावत असत, त्यामुळे आकड्याचे अप्रूप फारसे नव्हते. महत्त्वाचे होते ते मोजमाप. एका फ्रेंच मोटार-नियतकालिकाने ही चाचणी भरवली होती, मोजलेल्या अंतराच्या दोन्ही टोकांना वेळ नोंदवणारी माणसे उभी होती, आणि त्या नोंदीमुळे जमिनीवरील वेगविक्रम ही स्वतंत्र गोष्ट जन्माला आली.

बेल्जियमचे कामीय जेनात्झी यांनी लगेच आव्हान दिले. त्यांचा आणि झांतो यांचा, दोघांचाही व्यवसाय विजेच्या गाड्या बनवण्याचा होता, आणि पॅरिसच्या भाड्याच्या बग्ग्यांची जागा कोणाची गाडी घेणार हा प्रश्न दोघांच्याही पोटापाण्याचा होता. 17 जानेवारी 1899 रोजी जेनात्झींनी ताशी 66 किलोमीटरचा टप्पा ओलांडला आणि त्याच दिवशी शास्लू-लोबा यांनी तो 70 च्या पुढे नेला. पुढचे तीन-साडेतीन महिने हा विक्रम या दोघांमध्येच फिरत राहिला. अखेर वसंतात जेनात्झींनी तोफगोळ्यासारखी निमुळती, हलक्या मिश्रधातूच्या पत्र्याची एक गाडी आशेरला आणली. तिचे नाव होते ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे ‘कधीच समाधान न पावणारी’. या गाडीने एक किलोमीटर अंतर 34 सेकंदांत कापले. ताशी 105.88 किलोमीटर हा वेग मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना आज जी मर्यादा आहे तिच्याहून थोडा जास्तच भरतो, आणि तो 1899 मध्ये, विजेच्या गाडीने, घोडागाडीसारख्या उंच आसनावर उघड्यावर बसून गाठला गेला होता.

त्यानंतर वाफेने आणि पेट्रोलने विजेला मागे टाकले. 1902 मध्ये लेओं सर्पोले यांनी नीस शहरातील समुद्रालगतच्या रस्त्यावर वाफेची गाडी ताशी 120 किलोमीटरवर नेली. 1904 च्या जानेवारीत हेन्री फोर्ड यांनी गोठलेल्या सेंट क्लेअर सरोवराच्या बर्फावर ताशी 147 किलोमीटरचा वेग गाठला, तर त्याच वर्षी लुई रिगोली यांनी बेल्जियममधील ओस्टेंड येथे ताशी 100 मैलांची सीमा ओलांडली. 1906 मध्ये फ्लोरिडातील डेटोनाच्या किनाऱ्यावर फ्रेड मॅरियट यांच्या स्टॅन्ली वाफगाडीने ताशी 205 किलोमीटरचा पल्ला गाठला, आणि वाफेच्या गाड्यांपुरता तो विक्रम 2009 पर्यंत कोणालाही मोडता आला नाही.

या यादीतील माणसांपेक्षा मला जागा अधिक बोलक्या वाटतात. आशेरचा मोकळा रस्ता, समुद्रकाठचा रस्ता, गोठलेले सरोवर, वाळूचा किनारा, असा हा प्रवास आहे. वेगविक्रमाचा इतिहास सहसा इंजिनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो, पण माझ्या मते तो जमिनीच्या शोधाचा इतिहास आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला सुमारे आठपट शक्ती लागते. तेवढी शक्ती पुरवणारे इंजिन आज ना उद्या तयार होतेच, परंतु त्या वेगापर्यंत पोहोचायला लागणारे अंतर, मोजणीचा मैल, आणि मग थांबायला लागणारे अंतर, हे सगळे एका रेषेत, सपाट आणि निर्वेध मिळणे ही वेगळी अडचण आहे, आणि ती कारखान्यात सुटत नाही.

सार्वजनिक रस्ते तर फार लवकर बाद झाले. मे 1903 मधील पॅरिस-माद्रिद शर्यतीत स्पर्धक आणि प्रेक्षक असे अनेक जण मेले. मार्सेल रेनो त्यांपैकी एक होते. सरकारने ती शर्यत बोर्दोलाच थांबवली. इंग्लंडमध्ये तेव्हा रस्त्यावरील वेगमर्यादा ताशी 20 मैल म्हणजे 32 किलोमीटर ठरवण्यात आली, त्यामुळे तिथल्या मोटार बनवणाऱ्यांना आपली गाडी पूर्ण वेगाने चालवून पाहण्यासही जागा उरली नाही. या अडचणीतूनच 1907 मध्ये वेब्रिजजवळ ब्रुकलँड्सचा उतरत्या कडांचा वर्तुळाकार मार्ग बांधला गेला. शर्यत आणि विक्रम यांच्या वाटा इथून हळूहळू वेगळ्या झाल्या. शर्यतीला प्रतिस्पर्धी आणि वळणे लागतात, तर विक्रम करणारा माणूस एकटाच असतो आणि त्याला सरळ रेषा लागते.

याच सुमारास मोजणीचा नियमही बदलला. एकाच दिशेने धाव घेतली तर पाठीवरचा वारा आणि जमिनीचा उतार गाडीच्या मदतीला येतात, म्हणून विरुद्ध दिशांनी दोन धावा घेऊन त्यांची सरासरी धरण्याचे ठरले, आणि पुढे दोन्ही धावा एका तासाच्या आत पूर्ण करण्याची अट रूढ झाली. 1909 मध्ये ब्रुकलँड्सला व्हिक्टर एमेरी यांच्या बेंझ गाडीने एकेरी धावेत ताशी 202 किलोमीटरचा वेग नोंदवला होता. 1914 मध्ये तिथेच एल. जी. हॉर्नस्टेड यांनी दुहेरी धावेचा पहिला विक्रम केला तो ताशी 199.7 किलोमीटरचा. आकडा खाली आला, तरीही मी हा दुसरा विक्रम अधिक मोलाचा मानतो, कारण त्यात वाऱ्याचा वाटा नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर विमानांची प्रचंड इंजिने मोटारींत बसू लागली आणि ब्रुकलँड्स अपुरे पडले. वेल्समधील पेन्डाइनचा सुमारे 11 किलोमीटर लांबीचा वाळूचा किनारा मग पुढे आला. ओहोटीनंतर ओली वाळू घट्ट बसते आणि पुढची भरती येईपर्यंतचे काही तासच हाताशी असतात. माल्कम कॅम्पबेल यांनी इथे 1924 मध्ये ताशी 235 आणि 1925 मध्ये ताशी 242 किलोमीटरचा विक्रम केला. जे. जी. पॅरी-थॉमस यांनी ‘बॅब्ज’ या गाडीने 1926 मध्ये तो 275 वर नेला. फेब्रुवारी 1927 मध्ये कॅम्पबेल यांनी विक्रम परत मिळवला आणि तो पुन्हा आपल्याकडे आणण्याच्या प्रयत्नात 3 मार्च 1927 रोजी पॅरी-थॉमस याच किनाऱ्यावर ठार झाले. त्यांची गाडी तिथेच वाळूत पुरण्यात आली. साखळी तुटून त्यांना लागली असे अनेक वर्षे मानले जात होते. 1969 मध्ये गाडी उकरून काढून दुरुस्त करण्यात आली, तेव्हा त्या समजाविषयीच शंका निर्माण झाली.

1927 च्या मार्चअखेरीस हेन्री सीग्रेव्ह यांनी डेटोनाच्या किनाऱ्यावर ताशी 200 मैलांची सीमा ओलांडली. तिथे एका धावेत ब्रेक निकामी झाल्यावर त्यांनी वेग कमी करण्यासाठी गाडी उथळ पाण्यात घातली होती. 1929 मध्ये ‘गोल्डन ॲरो’ने त्यांनी ताशी 372 किलोमीटरचा विक्रम केला. कॅम्पबेल त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत व्हर्न्युक पॅन या कोरड्या तळ्याच्या तळाची चाचपणी करत होते. त्या नावातील ‘व्हर्न्युक’ या शब्दाचा आफ्रिकान्स भाषेतील अर्थ फसवणे असा आहे, आणि त्या जमिनीने कॅम्पबेल यांची खरोखरच निराशा केली. टोकदार खडे टायर कापत होते, आणि काम चालू असतानाच सीग्रेव्ह यांचा नवा आकडा त्यांच्या आवाक्याबाहेर गेला. सीग्रेव्ह यांचा मृत्यू पुढच्या वर्षी झाला, पण तो पाण्यावरील विक्रमाच्या वेळी, विंडरमिअर सरोवरात.

डेटोनाच्या वाळूवर लाटांमुळे उठणाऱ्या वळ्या मोठ्या वेगात गाडी उधळवत. म्हणून 1935 मध्ये कॅम्पबेल अमेरिकेतील यूटा राज्यात, बॉनव्हिलच्या मिठागरी पठारावर गेले. हिमयुगातील एका विशाल सरोवराचा हा तळ हिवाळ्यात पाण्याखाली जातो आणि उन्हाळ्यात ते पाणी आटले की मिठाचा टणक, कमालीचा सपाट थर उरतो. 3 सप्टेंबर रोजी धाव संपल्यावर वेळ मोजणाऱ्यांनी प्रथम 300 मैलांहून किंचित कमी आकडा सांगितला, आणि काही तासांनी हिशेब दुरुस्त करून ताशी 301.129 मैल, म्हणजे सुमारे 484.6 किलोमीटर, असा विक्रम जाहीर केला. आयुष्यभराचे उद्दिष्ट गाठल्याची बातमी त्यांना अशी उशिरा आणि दुरुस्तीच्या रूपात कळली, याची हळहळ आजही वाटते.

यानंतरची तीस-पस्तीस वर्षे मुख्यतः बॉनव्हिलची होती. जॉर्ज आयस्टन, आणि 1947 मध्ये ताशी 634 किलोमीटर गाठणारे जॉन कॉब, ही त्यांतील मोठी नावे आहेत. माल्कम यांचे पुत्र डोनाल्ड कॅम्पबेल यांना मात्र 1960 मध्ये बॉनव्हिलवर भीषण अपघात झाला. त्यातून उठून ते ऑस्ट्रेलियातील आयर सरोवराच्या कोरड्या तळावर गेले, तर 1963 मध्ये तिथे पाऊस पडून तळ भिजला. 17 जुलै 1964 रोजी, मीठ अजून पुरते सुकलेले नसताना, त्यांनी ताशी 403.1 मैलांचा (648.7 किलोमीटर) विक्रम केला. गाडीची क्षमता याहून बरीच जास्त होती आणि ते स्वतः या आकड्यावर समाधानी नव्हते. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी पाण्यावरील विक्रमही मोडला. एकाच वर्षात दोन्ही विक्रम करणारे ते एकमेव आहेत. 4 जानेवारी 1967 रोजी कॉनिस्टन सरोवरात त्यांची बोट उलटली, आणि त्यांचे अवशेष 2001 मध्ये सापडले.

दरम्यान जेट इंजिने आली होती. क्रेग ब्रीडलव्ह यांच्या तीनचाकी जेटगाडीने 1963 मध्ये डोनाल्ड यांच्याहून अधिक वेग गाठला होता, परंतु इंजिनाची शक्ती चाकांना पोहोचत नसल्यामुळे तिला मोटार म्हणायचे की नाही यावर वाद झाला. अखेर नियम बदलले. 1965 मध्ये ब्रीडलव्ह ताशी 966 किलोमीटरवर पोहोचले, आणि 1970 मध्ये गॅरी गॅबेलिच यांच्या रॉकेटगाडीने 1,000 ची सीमा ओलांडली. रबरी टायर यापुढे कामाचे राहणार नव्हते.

रिचर्ड नोबल 1982 मध्ये बॉनव्हिलला गेले तेव्हा पठार पाण्याखाली होते. ते तेथून नेव्हाडातील ब्लॅक रॉक वाळवंटाकडे वळले, आणि भरीव ॲल्युमिनियमच्या चाकांना मिठापेक्षा तिथली सुकलेली चिकणमाती अधिक मानवते असे दिसून आले. 1983 मध्ये त्यांनी तिथे ताशी 1,019 किलोमीटरचा विक्रम केला. तिथेच 15 ऑक्टोबर 1997 रोजी त्यांच्या संघाची दोन जेट इंजिनांची ‘थ्रस्ट एसएससी’ ही गाडी अँडी ग्रीन यांनी ताशी 1,227.985 किलोमीटरवर नेली. हा वेग ध्वनीहून अधिक होता. विमानाने ध्वनीचा वेग प्रथम ओलांडला त्याला आदल्याच दिवशी पन्नास वर्षे झाली होती. तो विक्रम अजून अबाधित आहे.

तो मोडण्यासाठी ‘ब्लडहाउंड’ या पुढच्या गाडीकरिता दक्षिण आफ्रिकेतील हाक्सकीन पॅन या कोरड्या तळ्याचा तळ निवडण्यात आला. आसपासच्या मीअर समाजातील तीनशेहून अधिक माणसांनी हजारो टन दगड हातांनी वेचून तो तळ साफ केला. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये गाडी तिथे ताशी 1,010 किलोमीटरपर्यंत गेली, आणि मग पैसा कमी पडल्यामुळे काम थांबले. गाडी इंग्लंडला परत नेऊन कॉव्हेंट्रीच्या वाहन-संग्रहालयात ठेवण्यात आली, जिथे ‘थ्रस्ट एसएससी’ आधीपासूनच उभी होती.