मार्शल अटॅक: हरलेल्या डावाने गाजवलेली ओपनिंग

बुद्धिबळात रुय लोपेझ या ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या ठरावीक सुरुवातीत, काळ्याने आठव्या खेळीला डी५ केलं, म्हणजे प्यादं डी५ या घरात नेलं, की जाणकार 'मार्शल' म्हणून मोकळे होतात. गंमत म्हणजे ज्या डावामुळे हे नाव रूढ झालं, तो मार्शल हरला होता.

२३ ऑक्टोबर १९१८, न्यूयॉर्क. अमेरिकेचा विजेता फ्रँक मार्शल काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता, समोर क्यूबाचा कापाब्लांका. १९०९ च्या सामन्यात कापाब्लांकाने ८ डाव जिंकून त्याला धुतलं होतं. मार्शलच्या वाट्याला जेमतेम १ विजय आला, बाकी १४ बरोबरीत सुटले.

मार्शलने ई५ वरचं प्यादं सोडून दिलं. ते खायला पांढऱ्याचा हत्ती पटाच्या मधोमध येतो, पण वजिराच्या बाजूची फौज जागची हललेली नसते. तेवढ्यात काळा राजावर तुटून पडतो. कापाब्लांकाने प्यादं घेतलं. यातली प्रत्येक वाट मार्शलला पाठ असणार, हे तो ओळखून होता; त्याने पुढे तसं लिहिलंही. १५व्या खेळीला काळा घोडा एफ२ वर आदळला. वजिराने तो मारायचा मोह कुणालाही झाला असता, पण मग उंटाचा शह बसून वजीरच गोत्यात येतो. कापाब्लांकाने शांतपणे हत्ती ई२ वर सरकवला. नंतर त्याचा राजा एफ१, ई२, डी३ अशी पायपीट करत सी२ वर पोहोचला आणि ३६व्या खेळीला डाव त्याने जिंकला.

मार्शलने हे अस्त्र नऊ वर्षं खास कापाब्लांकासाठी दडवलं होतं, ही कथा कायम सांगितली जाते. मला ती पटत नाही. १९१७ मध्येच तो वॉल्टर फ्रेअरविरुद्ध ही खेळी खेळला होता, आणि त्याआधी १८९३ मध्ये हवानातही ती पटावर आली होती.

मार्शलचं खरं श्रेय पराभवानंतरचं आहे. त्या डावात ११व्या खेळीला त्याने घोडा एफ६ वर मागे नेला होता. पुढे त्यानेच त्याऐवजी प्यादं सी६ वर नेणं सुचवलं आणि हल्ला पक्क्या पायावर उभा राहिला. १९६५ मध्ये तिबिलिसीत स्पास्कीने टालसारख्या हल्लेखोराला याच ओपनिंगने थोपवलं. कास्पारोव्हने १९९३ मध्ये शॉर्टविरुद्ध आठव्या खेळीला ए४ करून ही भानगडच टाळली. २००४ मध्ये ब्रिसागोला जगज्जेता क्रामनिक मात्र पांढऱ्या मोहऱ्यांनी त्यात शिरला. त्याने घरून घोटून आणलेल्या तयारीतच भोक होतं. प्रतिस्पर्धी लेकोने पटावर वजीर डी३ वर नेला आणि जगज्जेत्याला डाव सोडावा लागला.