दुसरे आरसी विमान: खालच्या पंखाचे स्पोर्ट की वॉरबर्ड?

वरच्या पंखाच्या ट्रेनरवर, म्हणजे शिकण्यासाठीच्या विमानावर, उड्डाण, वळणे आणि उतरणे सरावाचे झाले की आरसी (रेडिओवर चालणारी मॉडेल विमाने उडवणाऱ्या) वैमानिकाला पुढच्या विमानाचे वेध लागतात, आणि मैदानावरचे जाणते लोक त्याला बहुधा एकच सल्ला देतात: आता खालच्या पंखाचे, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे, विमान डावी-उजवीकडे कलवणारे पट्टे) असलेले विमान घे. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. खालच्या पंखाची म्हणून जी विमाने विक्रीला शेजारी शेजारी मांडलेली असतात, त्यांत दोन अगदी निराळ्या स्वभावांची विमाने असतात. एक म्हणजे स्पोर्ट विमान, ज्याच्या खोक्यावर कधी कधी ‘ॲडव्हान्स्ड ट्रेनर’ असेही छापलेले असते. दुसरे म्हणजे वॉरबर्ड, म्हणजे मस्टँग किंवा स्पिटफायरसारख्या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची प्रतिकृती. दोन्हींचा पंख धडाच्या पोटाशी असतो, दोन्हींना रिमोटचे किमान चार चॅनल (स्वतंत्र नियंत्रणे) लागतात, पंखांची लांबी सारखी असू शकते आणि बॅटरीही पुष्कळदा तीच चालते. त्यात मस्टँग दिसायला कितीतरी देखणे असते, त्यामुळे निवड बहुतेक वेळा डोळेच करून टाकतात.

खरा फरक पंख कुठे बसवला आहे यात नसून पंखाचा आकार, त्याने पेलायचे वजन आणि चाकांची मांडणी यांत आहे. उदाहरणादाखल १२० सेंटिमीटर पंखाची फोमची दोन विमाने घेऊ. स्पोर्ट विमानाचा पंख मुळापासून टोकापर्यंत सारखाच, समजा २५ सेंटिमीटर रुंद आहे; म्हणजे क्षेत्रफळ ३० चौरस डेसिमीटर झाले. बॅटरीसह वजन १२०० ग्रॅम धरले तर प्रत्येक चौरस डेसिमीटरला ४० ग्रॅम पेलावे लागतात. वॉरबर्डचा पंख मुळाशी २६ आणि टोकाशी १४ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर. आत ओढली जाणारी चाके, फ्लॅप (उतरताना खाली येणारे पंखाचे पट्टे) आणि जादा सर्व्हो (हे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) यांमुळे वजन १५०० ग्रॅम. येथे हाच आकडा साडेबासष्टवर जातो. यालाच विंग लोडिंग म्हणतात, आणि विमान ज्या वेगाखाली हवेत टिकत नाही तो स्टॉलचा वेग या आकड्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. आपल्या उदाहरणात स्पोर्ट विमान ताशी सुमारे २८ किलोमीटरला स्टॉल होईल, तर वॉरबर्ड सुमारे ३५ ला. सात किलोमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण त्या त्या वेगाला जमिनीवर आदळताना वॉरबर्डमध्ये असलेली ऊर्जा जवळजवळ दुप्पट असते, हे लक्षात घेतले की पहिल्याच चुकीत मस्टँगचे नाक का मोडते ते कळते.

शिवाय हे आकडे समुद्रसपाटीच्या आसपासच्या दाट हवेतले आणि सरळ उड्डाणातले आहेत. सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात मे महिन्यातल्या रणरणत्या दुपारी हवा इतकी विरळ होते की प्रमाण हवेच्या तुलनेत हा वेग आणखी साधारण ७ टक्क्यांनी चढतो. वळणात तर हिशेबच बदलतो. उंची न सोडता ६० अंश कललेल्या वळणात पंखाला दुप्पट भार पेलावा लागतो आणि स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ३५ चे जवळपास ५० होतात. मैदानाला वळसा घालून धावपट्टीच्या रेषेत येण्याचे शेवटचे वळण हे सगळ्यांत धोक्याचे ठरते ते याच कारणाने: वेग उतरलेला असतो, वैमानिक वळण आवळण्यासाठी एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा आडवा पट्टा) ओढत असतो आणि खाली चूक सावरण्याइतकी उंची उरलेली नसते.

अशा वेळी पंखाचा आकार निर्णायक ठरतो. सारख्या रुंदीचा पंख साधारणपणे आधी मुळाशी स्टॉल होतो. विमान नाक खाली टाकते, एलेरॉन बराच वेळ काम करत राहतात आणि एलिव्हेटर सैल सोडला की विमान पुन्हा उडू लागते. टोकाकडे फार निमुळत्या होत गेलेल्या पंखाची टोके मात्र मुळाच्या आधी दगा देऊ शकतात, कारण एक तर तिथे त्या रुंदीच्या मानाने जास्त उचल मागितली जाते, आणि मॉडेलच्या आकारात १४ सेंटिमीटर रुंदीवरून हवा मुळासारखी चिकटून वाहत नाही. दोन्ही टोके एकाच क्षणी हार मानत नाहीत, एकच मानते. आणि विमान काहीही सूचना न देता त्या बाजूला उलथते. आरसीवाले याला ‘टिप स्टॉल’ म्हणतात. चांगले उत्पादक टोकाला किंचित पीळ देऊन हा दोष कमी करतात, परंतु तो पीळ जाहिरातीत दिसत नाही, विमान हातात घेऊन पाहावा लागतो.

जायरो (विमानाचा तोल सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) आहे, तो सांभाळून घेईल, असा एक समज अलीकडे पसरला आहे. जायरो वाऱ्याचे धक्के शोषतो आणि पंख समतल ठेवतो हे खरे आहे, पण विंग लोडिंग कमी करणे त्याच्या हातात नसते. उलट, स्टॉलच्या उंबरठ्यावर एक टोक खाली जाऊ लागले की साधा जायरो ते उचलण्यासाठी त्याच बाजूचा एलेरॉन खाली दाबतो. त्याने त्या टोकाचा हवेशी होणारा कोन आणखी वाढतो आणि जे टोक अर्धवट स्टॉल झाले होते ते पूर्ण होते. घाबरलेला नवशिका वैमानिकही नेमके हेच करतो, फक्त जायरो ते जास्त चपळाईने करतो.

चाकांचा फरक जमिनीवर जाणवतो. नवशिक्यासाठी बनवलेल्या स्पोर्ट विमानाला बहुधा नाकाखाली चाक असते, आणि असे विमान सरळ धावण्याकडे आपोआप झुकते. बहुतेक वॉरबर्डचे तिसरे चाक शेपटीखाली असते आणि गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे पडतो. त्यामुळे विमान जरा वाकडे झाले की आणखी वाकडे होण्याकडेच त्याचा कल असतो. थ्रॉटल (मोटरची ताकद कमी-जास्त करणारी दांडी) एकदम पुढे ढकलला की प्रॉपेलरच्या पिळामुळे आणि शेपटीवर गोल फिरत येणाऱ्या वाऱ्यामुळे विमान डावीकडे ओढ खाते. ज्याने ट्रेनरवर रडरला (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या उभ्या पट्ट्याला) कधी हातच लावलेला नसतो तो हे वळण उजव्या एलेरॉनने सुधारू पाहतो, विमान तिरकेच आणि पुरेशा वेगाविना हवेत उचलले जाते, आणि डावा पंख टेकवून पाठीवर पडते. सुरुवातीला एलिव्हेटर ओढून शेपटी जमिनीवर धरणे, थ्रॉटल दोन-तीन सेकंदांत हळूहळू वाढवणे आणि उजवा रडर देत राहणे, ही सवय आधी अंगवळणी पडावी लागते. उतरतानाही ट्रेनरची सवय नडते. ट्रेनरचा थ्रॉटल कुंपणापाशी बंद केला तरी तो तरंगत येतो. फ्लॅप आणि चाके बाहेर काढलेल्या वॉरबर्डचा बंद केला तर ते खाली बसू लागते, आणि टेकेपर्यंत थोडी पॉवर ठेवावी लागते. गवताच्या किंवा मुरमाच्या मैदानावर आत ओढायच्या बारीक चाकांचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

रंगाचा मुद्दा छोटा, तरी दुर्लक्ष करण्याजोगा नाही: करडे किंवा हिरवट विमान ढगाळ आकाशात शंभर मीटरवर नुसती सावली होते, आणि ते आपल्याकडे येत आहे की दूर जात आहे हेच कळेनासे होते.

मात्र वर्गवारी नावावरून करू नये. नॉर्थ अमेरिकन कंपनीचे टी-२८ ट्रोजन हे वॉरबर्डमध्ये मोडते, पण १९४९ मध्ये प्रथम उडालेले मूळ विमानच प्रशिक्षणासाठी बनवलेले होते आणि त्याला नाकाखाली चाक होते. त्यामुळे पार्कझोन कंपनीचे सुमारे १.१ मीटरचे फोमचे हलके टी-२८ अनेकांचे पहिले खालच्या पंखाचे विमान ठरले. याउलट सिग कंपनीचे बाल्सा या हलक्या लाकडाचे फोर-स्टार हे स्पोर्ट विमान असून त्याचे चाक शेपटीला आहे. तरी सरळ, ऐसपैस पंखामुळे ते दुसरे विमान म्हणून वर्षानुवर्षे सुचवले जाते. खालचा पंख म्हणजे लढाऊ स्वभाव, ही समजूतही टिकत नाही. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूला घडलेले आणि १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे भारतीय वायुसेनेचे प्रशिक्षण विमान खालच्या पंखाचेच होते.

म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी बॅटरीसह वजन आणि पंखाचे क्षेत्रफळ शोधून भागाकार करावा. क्षेत्रफळ चौरस इंचांत दिले असेल तर साडेपंधराने भागले की चौरस डेसिमीटर मिळतात. सव्वा मीटरच्या आतल्या विमानासाठी उत्तर चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास असेल तर ते दुसरे विमान होऊ शकते. साठच्या पुढे असेल तर ते तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला ठेवावे. हीच मोजपट्टी मोठ्या विमानाला लावू नये, कारण आकार वाढतो तसे विमान अधिक विंग लोडिंग सहज पेलते, आणि खिशाला परवडणाऱ्या छोट्या मस्टँगपेक्षा पावणेदोन मीटरचे मस्टँग उडवायला पुष्कळदा सोपे जाते. मस्टँगच घ्यायचे असे ठरलेलेच असेल, तर पुढचे चाक काढून शेपटीला चाक लावण्याची सोय असलेले स्पोर्ट विमान पाहावे. काही मॉडेलांत ती असते. आधी नाकाच्या चाकावर उंचावर जाऊन मुद्दाम स्टॉल करून पाहता येतात, आणि मग त्याच ओळखीच्या पंखावर रडरने सरळ धावण्याचा सराव करता येतो.