चंदी वाढवली तरी घोडा हलत का नाही?

घोडा मंद चालतो म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: चंदी वाढवा. मग भिजवलेले हरभरे दोन ओंजळी जास्त पडतात, तोबऱ्यात कोंड्याची भर होते. महिनाभरात घोड्याचं पोट सुटतं, पाठीवर पन्हळ पडते, चाल मात्र होती तीच राहते. मोतद्दार म्हणतो, जात्याच आळशी आहे. मालक नवा चाबूक आणतो.

गोव्यात हौसेनं एखाददुसरा घोडा पाळणाऱ्यांकडे ही तक्रार वरचेवर ऐकू येते. त्यातला जात्या आळसाचा भाग फार थोडा असतो. बरीचशी कारणं इथल्या हवेत आणि इथल्या चाऱ्यात सापडतात.

मुळात हा घोड्यांचा मुलूख नव्हेच. शिगम्यात डिचोली, सत्तरी, पेडण्याकडे घोडेमोडणी रंगते तेव्हा नाचणाऱ्याच्या कमरेला असतो तो लाकडी घोडा. जिवंत घोडे इथून गेले, राहिले नाहीत. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं त्यामागे घोड्यांच्या जकातीचा मोठा मोह होता. इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझ बंदरातून गलबतांनी आलेले अरबी-इराणी घोडे घाट चढून विजयनगरला जात. फर्नाव नुनीझ हा पोर्तुगीज व्यापारी लिहून ठेवतो की तिथला राजा वर्षाला 13,000 घोडे विकत घेई. दरवर्षी एवढे लागत, कारण आणलेले फार काळ जगत नसत. त्याआधी तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या मार्को पोलोलाही दक्षिणेत घोडे भराभर मरताना दिसले होते. तिथले लोक घोड्यांना मांस घालून शिजवलेला भात चारतात, असं तो सांगतो. ऐकीव गोष्टी त्याच्याकडे भरपूर असत, तेव्हा भाताचं किती खरं मानायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण दोष हवेचा की खाण्याचा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आधी हवा पाहू. घोड्याच्या स्नायूंत जी ऊर्जा जळते तिच्यातली जेमतेम 20 ते 25 टक्के चालण्या-पळण्याच्या कामी येते, उरलेली उष्णता होते. ती बाहेर टाकायला घोड्याकडे मुख्य साधन घामाचं. त्याच्या घामात लॅथेरिन नावाचं एक प्रथिन असतं. त्यामुळे घाम केसांवर पसरतो आणि खोगिराच्या कडेला साबणासारखा फेस येतो. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो, आणि किनारपट्टीच्या दमट हवेत तो वाळत नाही. घोड्यांच्या स्पर्धा भरवणारे एक ढोबळ हिशेब वापरतात: फॅरनहाइटमधलं तापमान अधिक आर्द्रतेची टक्केवारी. बेरीज 150 च्या वर गेली की जपून, 180 च्या वर गेली की घोडा बाहेर काढायचाच नाही. मे महिन्यातली दुपार घ्या: 33 अंश सेल्सियस म्हणजे 91 फॅरनहाइट, आर्द्रता 70, बेरीज 161. पहाटे तापमान उतरतं, पण आर्द्रता चढते, त्यामुळे बेरीज तशीच राहते. फरक एवढाच की पहाटे डोक्यावर ऊन नसतं आणि कधी वारा असतो. इथे तेवढीच सवलत मिळते, ती सोडू नये.

काही घोड्यांचं याहून वाईट होतं. दमट उष्म्यात सतत घाम गाळून घामाच्या ग्रंथी प्रतिसाद देणंच सोडतात. इंग्रजी अमदानीत थंड देशांतून आणलेल्या घोड्यांत हा विकार पहिल्यांदा डोळ्यांत भरला, पण तो देशी घोड्यालाही होतो. काम करून आलेल्या घोड्याच्या अंगावरून हात फिरवा. आयाळीखाली आणि खोगिराखाली ओल, बाकी अंग कोरडं आणि तापलेलं, नाकपुड्या फेंदारलेल्या, श्वास भात्यासारखा, असं दिसलं तर त्याला आळशी म्हणू नका. आतून भाजत असलेला प्राणी पाऊल जपून टाकणारच.

घामाबरोबर मीठही जातं. घोड्याचा घाम आपल्यापेक्षा खारट: लिटरमागे साधारण 3 ग्रॅम सोडियम आणि त्याहून जास्त क्लोराइड. यात एक मेख आहे. माणसाच्या शरीरातून पाणी जास्त आणि मीठ कमी जातं, रक्त खारट होतं, तहान लागते. घोड्याचं पाणी आणि मीठ बरोबरीनं जातं, रक्ताचा खारेपणा फारसा वाढत नाही, म्हणून शरीर सुकलेलं असतानाही तो बादलीला तोंड लावत नाही. गवतात आणि धान्यात सोडियम नगण्य. 400 किलोच्या नुसत्या उभ्या घोड्यालाही दिवसाला 20 ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं, घाम गाळणाऱ्याला त्याच्या दुप्पट किंवा अधिक. आगरवाड्याच्या मिठागरांतलं जाडं मीठ त्याला उत्तम चालतं. सोबत पाणी हवं तेवढं प्यायला मिळालं पाहिजे, एवढीच अट.

आता चारा. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथेच आहे, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही. इथल्या एखाद्या गव्हाणीत डोकावून पाहा. कुट्टी केलेलं हिरवंगार संकरित नेपियर गवत, वर कोंडा, त्यावर हरभरे. दुभत्या जनावरांसाठी नेपियर सगळीकडे लावलेलं, पाणी दिलं की वर्षभर कापता येतं, मग घोड्यालाही तेच. दिसायला ताट भरलेलं. पण नेपियरमध्ये ऑक्झलेट नावाचं द्रव्य भरपूर असतं. ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं आणि तो कॅल्शियम शोषला न जाता लिदीतून निघून जातो. "गायी खातात, त्यांना काही होत नाही, मग ह्यालाच काय झालं?" असं कुणीही विचारेल. उत्तर पोटाच्या रचनेत आहे. गायीचा जंतूंनी भरलेला कोठा आतड्याच्या आधी येतो. तिथले जंतू ऑक्झलेट फोडतात आणि मोकळा झालेला कॅल्शियम पुढे लहान आतड्यात शोषला जातो. घोड्याच्या जंतूंचं घर लहान आतड्याच्या नंतर, शेवटच्या टप्प्यात. कॅल्शियम शोषण्याची जागा तोवर मागे पडलेली असते. तिथे ऑक्झलेट फुटून उपयोग काय?

वर कोंडा. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या आठ-दहा पट फॉस्फरस असतो, भाताच्या कोंड्यात प्रमाण आणखी बिघडलेलं. घोड्याच्या एकूण खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी असता कामा नये, दीडपट-दुप्पट असला तर उत्तम. हे उलटं झालं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जागच्या होतात आणि रक्तातला कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतला काढू लागतात. बरेच महिने गेल्यावर जबड्याची आणि नाकावरची हाडं फुगून चेहरा जड दिसू लागतो. जिथे पिठाच्या गिरण्यांतले घोडे कोंड्यावर पोसले जात, तिथे हा गिरणीवाल्यांच्या घोड्यांचा रोग म्हणून माहीत होता. पण चेहरा फुगायच्या कितीतरी आधी घोडा आखूड पावलं टाकतो, आज या पायावर तर उद्या त्या पायावर लंगडतो, दुडक्या चालीला नकार देतो. म्हणजे मालकाच्या भाषेत, आळशी होतो. मग चंदीसोबत कोंडा वाढतो आणि हाडं आणखी पोखरतात. रक्त तपासलं तर कॅल्शियम बहुतेकदा ठीक येतो, कारण हाडं झिजवून शरीरानं तो ठीक राखलेला असतो.

उपाय फार अवघड नाही. नेपियरचा वाटा कमी करून साधं सुकं गवत वाढवायचं, कोंडा मूठभरावर आणायचा, आणि घाटावरून येणारं सुकं लसूणघास रोजच्या खाण्यात आणायचं, कारण त्यात कॅल्शियम भरपूर असतो. चुनखडीची बारीक पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, किती द्यायची ते पशुवैद्याकडून ठरवून घ्यावं. पानाला लावतो तो चुना चुकूनही देऊ नये, तोंड आणि अन्ननलिका भाजते. पेंढ्यानं पोट भरेल, पण त्यात प्रथिनं इतकी कमी की केवळ त्यावर कामाचा घोडा उभा राहणार नाही.

हरभऱ्याबद्दल माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगतो. हरभरा वाईट नाही. भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजणारे त्यांना हरभराच चारत. पण ती तट्टं दिवसभर कूच करत. इथला घोडा दिवसातले बावीस-तेवीस तास खुंट्याला बांधलेला असतो. घोड्याचं जठर आकाराच्या मानानं लहान, 8 ते 15 लिटरचं. त्यात आम्ल दिवसरात्र झिरपत राहतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. ते मारणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. पावशेर धान्य दोन मिनिटांत संपतं, तेवढंच वजन सुक्या गवताचं असेल तर चावायला कितीतरी वेळ लागतो. म्हणून गवत कमी आणि दाणा जास्त असलेल्या घोड्याच्या जठराच्या वरच्या, आम्लापासून जपणारं अस्तर नसलेल्या भागात व्रण होतात. पळताना पोट दाबलं जाऊन आम्ल नेमकं तिथेच उसळतं. खोगिराचा तंग आवळताना कान मागे टाकणारा, पहिली दहा मिनिटं नाखुशीनं चालणारा घोडा बहुधा हेच सांगत असतो. स्वारीआधी त्याला दाणा देऊ नये, पण उपाशीही काढू नये. दोन मुठी सुकं गवत चावलेलं असलं की आम्लावर गवताचा थर तरंगतो.

एका वेळच्या खाण्यात स्टार्च शरीराच्या दर किलोमागे 1 ग्रॅमच्या आत ठेवावा आणि रोजचा चारा, पाण्याचं वजन सोडून, घोड्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का. 350 किलोच्या घोड्याला हा सव्वापाच किलो कोरडा चारा झाला. ओलं गवत असेल तर त्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असतं, म्हणून हिरवा ढीग बघून फसू नये. वजनकाटा नसला तरी छातीचा घेर (सेंटिमीटरमध्ये) वर्ग करून अंगाच्या लांबीनं गुणावा आणि 11,880 नं भागावं. घेर 165, लांबी 150 आली तर घोडा 344 किलोचा.

खरोखरच बारीक असलेल्या घोड्याला ताकद द्यायची असेल तर हरभऱ्यापेक्षा आपल्याच घाण्यावरची खोबऱ्याची पेंड मला बरी वाटते. तिच्यात स्टार्च अगदी कमी, तंतू आणि तेल चांगलं, त्यामुळे पोट न बिघडवता ऊर्जा मिळते. ऑस्ट्रेलियात ती घोड्यांचा नेहमीचा खुराक आहे. भिजवून द्यायची, आणि ताजीच घ्यायची. पावसाळ्यात तिला बुरशी लवकर येते आणि बुरशीचं विष घोड्याच्या यकृतावर बसतं. खवट वास आला की सरळ फेकावी. बदल कुठलाही असो, तो दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करावा, आतड्यातल्या जंतूंना नव्या अन्नाची सवय व्हावी लागते.

पशुवैद्याला दाखवायच्या गोष्टी थोडक्यात. दाढांची टोकं गालात रुततात तेव्हा घोडा चावून गवताचे गोळे बाहेर टाकतो. पावसाळ्यात खुराची पुतळी, म्हणजे तळव्याचा मऊ भाग, कुजते आणि तिचा वास दूरवर येतो. पावसाळ्यानंतर रक्तातल्या परजीवींचे दोन रोग पसरतात: गोमाश्यांमधून सरा, गोचिडांमधून बाबेसिया. दोन्हींत ताप येतो-जातो, रक्त कमी होतं आणि घोडा खंगतो. सऱ्याचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 मध्ये पंजाबातल्या घोडे-उंटांच्या रक्तात शोधला. हिरड्या फिक्या दिसल्या तर चंदीचा विचार बाजूला ठेवून रक्त तपासावं.

आणि स्वाराचं वजन. 2008 मध्ये ओहायोत झालेल्या एका अभ्यासात घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंतचा भार त्याला पेलतो असं दिसलं. 25 आणि 30 टक्क्यांना हृदयाचे ठोके वाढले, स्नायू दुखावले. 280 किलोच्या देशी तट्टाला खोगिरासकट 56 किलो, बस्स. आपल्यापैकी कितीजण त्यात बसतात ते वजनकाट्यावर उभं राहून पाहावं.

इतकं सगळं ठीक असूनही घोडा रखडत असेल तर प्रश्न शिकवणीचा. एक परीक्षा सोपी आहे: जाताना रखडतो आणि परतताना झपझप येतो का? तसं असेल तर अंगात ताकद आहे, इच्छा नाही. तबेल्यात चंदी असते, सोबती असतात, बाहेर काय मिळतं? टाचा आणि चाबूक. शिवाय बरेच स्वार एकाच वेळी टाच मारतात आणि तोल सावरायला लगाम ओढतात, म्हणजे जा आणि थांब हे एकदमच सांगतात.

घोड्याच्या कुशीवर माशी बसते तेव्हा नेमकी तेवढ्याच जागेची कातडी थरथरते. ज्याला माशीचा भार कळतो त्याला टाच कळत नाही असं नाही. दर पावलाला टाच बसते, तिला काही अर्थ उरत नाही, म्हणून तो ती मनावर घेत नाही. घोडा शिकतो तो दाब लावल्यानं नव्हे, योग्य क्षणी सुटल्यानं. पोटरीनं हलका दाब द्यायचा, उत्तर नाही आलं तर दाब वाढवायचा, आणि त्यानं एक पाऊल लांब टाकलं की त्याच क्षणी पाय सैल सोडायचे. पुढची वीस पावलं पायांनी गप्प बसायचं. सवयीच्या स्वाराला हे सगळ्यात जड जातं. घोडा मंदावला तरच पुन्हा विचारायचं, आणि दरवेळी सुरुवात हलक्या दाबानंच.

बक्षीस द्यायचं तर दोन सेकंदांच्या आत द्यावं, नाहीतर घोडा ते भलत्याच गोष्टीला जोडतो. खाऊच हवा असं नाही. 1993 मध्ये फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर असं दिसलं की मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापुढे खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात. घोडे एकमेकांना तिथेच कुरवाळतात, आणि खोगिरावर बसल्या बसल्या आपला हात तिथे पोचतो. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटांचीच फेरी घ्यावी. गेल्या वाटेनं परत न येता वळसा घेऊन यावं, कारण वाट कुठे तबेल्याकडे वळते ते घोड्याला पक्कं पाठ असतं.