पुणे–मुंबई रोजचा प्रवास: गाडी की मोटार, या प्रश्नामागची पार्श्वभूमी

‘गाडीने जातो’ या दोन शब्दांचे पुण्यात तीन अर्थ होतात: दुचाकी, चारचाकी आणि रेल्वे. रोज मुंबई गाठणाऱ्यांच्या तोंडी मात्र गाडी म्हणजे रेल्वेच. या टिपणात तोच अर्थ धरला आहे आणि चारचाकीला मोटार म्हटलं आहे. ‘अप-डाउन करतो’ या बोलीतही असाच गुंता आहे. रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी ती अप आणि पुण्याकडे येणारी ती डाउन. म्हणजे घाट उतरतो तेव्हा आपण अपला असतो. वेळापत्रक वाचताना नवखा माणूस इथेच चुकतो.

बोरघाटातला रस्ता १८३० चा. १८५८ मध्ये पुणे ते खंडाळा रुळ आले, पण घाट फोडून व्हायचा होता. १८६३ पर्यंत घाटाचा टप्पा पालखीतून किंवा तट्टावरून पार करावा लागे. घाट सुरू झाल्यावरही खंडाळ्याजवळ गाडी थांबवून उलट दिशेने काढावी लागायची. हा ‘रिव्हर्सिंग’चा प्रकार १९२९ मध्ये, विजेच्या इंजिनांच्या बरोबरीने नवी आखणी झाली तेव्हा संपला. त्यानंतरच नोकरीसाठी एका दिवसात जाऊन परत येणं व्यवहारात शक्य झालं.

१ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावली, सुरुवातीला फक्त शनिवार-रविवारच्या सोयीसाठी. १९२ किलोमीटरचं हे अंतर ती तेव्हा पावणेतीन तासांत तोडायची. आज ती सकाळी सव्वासातला पुणे सोडते आणि १० वाजून २५ मिनिटांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी निघून ८ वाजून २५ मिनिटांनी पुण्यात. नव्वद वर्षांहून जास्त काळ गेला, डबे बदलले, इंजिनं बदलली, आणि वेळ वाढली. कारण घाट तोच आहे. चढणीला ३७ फुटांमागे एक फूट उंची गाठावी लागते. त्यासाठी कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावावी लागतात. उतारावर वेग फार कमी ठेवावा लागतो आणि खाली उतरल्यावर उपनगरी लोकलच्या गर्दीतून वाट काढावी लागते. बँकर न लावता घाट चढणारी वंदे भारत २०२३ मध्ये आली, तीही मुंबई–पुण्याला साधारण तीन तास घेते. त्यामुळे रेल्वे ‘आणखी वेगवान’ होईल या आशेवर कुणी निवड लांबवू नये.

वेगापेक्षा मोठा प्रश्न सुटण्याच्या वेळेचा आहे. सिंहगड ६.०५, डेक्कन क्वीन ७.१५, प्रगती ७.५०, अशी पुण्याची सकाळ दहा-अकराच्या कार्यालयासाठी आखलेली आहे, आणि परतीची ५.१० ची वेळ त्याच कार्यालयाच्या सुटीसाठी. बँका, विमा, सरकारी खाती, गोदी हे मुंबईतल्या नोकरीचं मुख्य रूप होतं तोवर ही बेरीज जमली. पुढे खासगी कंपन्यांचं काम सात-आठपर्यंत लांबलं. मुंबईहून ५.१० नंतर सिंहगड ५.५० ला आहे. ती चुकली की बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या उरतात, त्यातल्या रात्रीच्या तर पुण्यात मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर पोचतात. मोटारीकडे लोक वळले त्याचं पहिलं कारण हेच.

आता पास. या शब्दावर जितके वाद झाले तितके या मार्गावर दुसऱ्या कशावर झाले नसतील.

आपण पास म्हणतो त्याचं कागदावरचं नाव सीझन तिकीट. सर्वसाधारण नियमाने ते १५० किलोमीटरपर्यंतच मिळतं. पुणे–मुंबई १९२ किलोमीटर आहे, म्हणजे इथला पास हा मुळात अपवाद आहे आणि तो वर्षानुवर्षे चालत आला आहे. म्हणूनच प्रवासी त्याला हक्क समजतात आणि रेल्वे त्याला सवलत समजते. पुढचे सगळे तंटे या फरकातून निघाले. पासधारकांचे डबे कमी केले की प्रवासी म्हणतात हक्क काढला; रेल्वे म्हणते, आरक्षण करून पूर्ण पैसे देणाऱ्याला आधी जागा. दोन्ही बाजूंना आधार आहे. तरी वर्षभर दररोज हजेरी लावणाऱ्या माणसाला अधूनमधून फिरायला निघालेल्याच्या मागे ठेवणं न्यायाचं वाटत नाही, कारण या गाड्या ज्यांच्यासाठी आखल्या तो रोजचाच प्रवासी आहे.

पास प्रवासाचा अधिकार देतो, जागेचा नाही. पासधारकांसाठी ठरवून दिलेल्या डब्यातच चढायचं. आरक्षित डब्यात बसल्यास पास असूनही तिकीट तपासनीस दंड घेऊ शकतो, आणि हा दंड भाड्याशिवाय किमान २५० रुपये असतो. सुपरफास्ट गाडीचा अधिभार साध्या पासात धरलेला नसतो. तो पास काढतानाच भरून घ्यावा, नाहीतर सिंहगडला चालणारा पास डेक्कन क्वीनमध्ये अपुरा ठरायचा. वंदे भारतमध्ये पास चालत नाही. त्रैमासिक पासाला मासिकाच्या २.७ पट, सहामाहीला ५.४ पट आणि वार्षिकाला १०.८ पट पैसे पडतात. म्हणजे वर्षाचा काढल्यास सव्वा महिना जवळपास फुकट. पण बदली, नोकरी बदलणं, लांब सुटी यांची शक्यता असेल तर त्रैमासिकाच्या पुढे जाऊ नये. मोबाईल अ‍ॅपवरचा पास अ‍ॅप उघडूनच दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट चालत नाही. बॅटरी संपली तर पास नाहीच असं धरलं जातं, म्हणून छोटी पॉवरबँक पिशवीत हवीच.

डब्यातला व्यवहार मात्र नियमाच्या पुस्तकात नाही. पुण्याला गाडी फलाटावर लागते तेव्हाच खिडकीतून रुमाल, वर्तमानपत्र, डब्याची पिशवी आसनावर पडते. चार जणांच्या ग्रुपमधला एक जण आधी येऊन तिघांच्या जागा धरतो. शिवाजीनगरला चढणाऱ्याला बहुतेक मधली किंवा उभ्याची जागा मिळते. रुमालाला कायद्याचा आधार नाही, पण त्यावर भांडून बसणाऱ्याला त्या डब्यात पुढे रोजच यायचं असतं. नव्याने पास काढणाऱ्याने पहिले पंधरा दिवस पुण्याहूनच चढावं, रोज एकाच दाराने. तिसऱ्या आठवड्यापासून कुणीतरी सरकून जागा करून देतं.

मार्च २०२० मध्ये सगळ्या गाड्या थांबल्या. नंतर त्या सुरू झाल्या त्या फक्त आरक्षित तिकिटावर, आणि पास परत मिळायला बराच काळ गेला. त्या काळात चार-चार जणांनी मिळून मोटार काढायची सवय लागली. पास पुन्हा सुरू झाल्यावरही ती सगळ्यांची सुटली नाही.

मोटारीचा खरा इतिहास द्रुतगती मार्गापासून धरायला हवा. त्याचे पहिले टप्पे २००० मध्ये आणि पूर्ण रस्ता २००२ मध्ये खुला झाला. नाव मुंबई–पुणे असलं तरी ९४.५ किलोमीटरचा हा रस्ता कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतच आहे. जाहिरातीतले दोन तास या पट्ट्यापुरते खरे. किवळ्यापासून कोथरूड किंवा हडपसर आणि कळंबोलीपासून दादर किंवा नरिमन पॉइंट हे दोन शेपटीचे तुकडे मिळून गर्दीच्या वेळी सहज दीड-दोन तास खातात. मोटार निवडणारे हिशेब मधल्या रस्त्याचा करतात आणि फसतात टोकांना. चिंचवडला राहून वाशीत नोकरी असेल तर मोटार सोपी. सदाशिव पेठेत राहून फोर्टात असेल तर गाडीला तोड नाही.

खर्चाचं गणित सरळ आहे. पुण्याच्या मध्यापासून दादरपर्यंत साधारण १५० किलोमीटर धरले आणि मोटार लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर दहा लिटर पेट्रोल म्हणजे हजारावर रुपये, त्यावर द्रुतगती मार्गाचा टोल ३२० (एप्रिल २०२३ पासूनचा दर). येऊन-जाऊन सत्तावीसशेच्या आसपास, आणि अटल सेतूने गेलात तर प्रत्येक खेपेला २५० वेगळे. चौघांत वाटलं तर माणशी पावणेसातशे होतात. एकट्याने मोटार काढली तर तिच्या एका दिवसाच्या खर्चात दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास निघतो आणि वर पैसे उरतात. भागीत जाणाऱ्यांनी टोल आणि इंधनाखेरीज टायर-सर्व्हिसिंगसाठी किलोमीटरमागे ठरावीक रक्कम मालकाला द्यावी. ती दिली नाही की सहाव्या महिन्यात भागी मोडते.

सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटण्याबद्दल एक समज पक्का बसला आहे, की हवा जास्त झाली म्हणून टायर फुटतो. बहुतेकदा उलटं असतं. हवा कमी, वजन जास्त, वेग शंभरचा. टायरची बाजू सतत दबते-सुटते, तापते आणि फाटते. हवा टायर थंड असताना, घरून निघताना बघावी आणि दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर पूर्ण भाराला दिलेला आकडा भरावा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: ३२२१ असेल तर २०२१ चा ३२ वा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटलेला टायर, नक्षी शाबूत असली तरी, या रस्त्यावर नेऊ नये. घाट उतरताना तिसरा किंवा दुसरा गिअर ठेवून इंजिनाने वेग आवरायचा. ब्रेकवर पाय सतत ठेवला की पॅड तापतात, जळका वास येतो आणि पेडल खोल जायला लागतं. न्यूट्रलवर उतरणारे डिझेल वाचवत नाहीत, ब्रेक घालवतात. वेगमर्यादा घाटात मोटारींना ६० आणि बाकी १०० आहे, आणि २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा ती मोजते.

कोंडीचं मूळही घाटातच. खोपोली ते खंडाळा या पट्ट्यात सहा पदरी द्रुतगती मार्ग आणि चार पदरी जुना महामार्ग एकत्र येतात. दहा पदरांची वाहनं सहा पदरांत घुसतात. त्यात चढाला एक ट्रक बंद पडला की मधला पदर जातो. शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार सकाळ पुण्याच्या दिशेला हेच नेहमीचं चित्र. १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला, त्याने वळणाची अडचण थोडी कमी झाली. या पट्ट्याला बगल देणारा, दोन बोगद्यांचा सुमारे १३ किलोमीटरचा मिसिंग लिंक आखला गेला, काम २०१९ मध्ये सुरू झालं आणि मुदती पुढे जात राहिल्या. त्याने अंतर सहा किलोमीटरनी आणि वेळ वीस-पंचवीस मिनिटांनी कमी करायची ही योजना. टोकांचे दोन तास त्याने कमी होणार नाहीत.

पावसाळ्यात दोघांची परीक्षा एकाच डोंगरात होते. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्यापाशी दरड कोसळून द्रुतगती मार्ग बंद पडला. २०१९ च्या पावसाने मंकी हिल भागात रुळांची हानी केली आणि पुणे–मुंबईच्या गाड्या अनेक आठवडे रद्द होत राहिल्या. फरक इतकाच की रस्ता बहुतेकदा काही तासांत किंवा दिवसांत खुला होतो, रुळ महिने घेतात. म्हणून जुने पासधारक जून ते सप्टेंबर शिवनेरीचं किंवा दादरच्या टॅक्सीचं गणित हाताशी ठेवतात.

टोकांचा प्रश्न आता रेल्वेच्या बाजूने हलू लागला आहे. ऑगस्ट २०२३ पासून पुणे स्टेशन मेट्रोवर आलं. ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईची भुयारी मेट्रो सीएसएमटीवरून थेट वांद्रे-कुर्ला संकुलाला जोडली गेली. दुसऱ्या बाजूला ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल गेला आणि मोटारवाल्यांनाही थोडा हात मिळाला. संकुलातल्या नोकरदाराने डेक्कन क्वीन दादरला पकडायची असेल तर ४.४० ला कचेरीतून बाहेर पडायला हवं. आठवड्यातून दोनच दिवस कचेरी असेल तर मासिक पासापेक्षा आरक्षित चेअर कारचं तिकीट बरं, फक्त सोमवारचं आणि शुक्रवारचं आधी काढावं लागतं.