दक्षिण महाराष्ट्र देशातल्या झाडांची नोंद

मे महिन्यात बेळगावच्या गणपत गल्लीत जांबोटी, खानापूरकडच्या बायका पानांच्या द्रोणांत करवंदं, जांभळं आणि तोरणं घेऊन बसतात. गिऱ्हाईक मराठी असेल तर ‘करवंदं घ्या की ओ’, कानडी असेल तर तीच ‘कवळी हण्णु’ होतात, आणि जांभळाला ‘नेरळे’ म्हणतात. गोव्याच्या गाडीतून उतरलेलं कुणी आलं तर तोरणाला ‘चुन्नां’ म्हणायलाही त्या अडत नाहीत. इतकी नावं त्यांच्या तोंडी. पण या भागातल्या रानझाडांची छापील यादी ज्यांनी केली ते सगळे बाहेरचे, आणि त्यांनी केलेल्या नोंदींत ही नावं कुठे आली, कुठे गळली, त्याची ही हकिकत.

सुरुवात शेजारच्या गोव्यापासून करावी लागते. १५६३ साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने तिथे औषधी वनस्पतींवरचा संवादरूपी ग्रंथ छापला. पुढे १६७८ ते १६९३ या काळात व्हान रीडे या डच गव्हर्नराचा मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ अ‍ॅमस्टरडॅमला निघाला. त्यामागे इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचं ज्ञान होतं. या दोन्हींमध्ये आपला घाटमाथा कोराच राहिला.

मुंबई इलाख्याची पहिली यादी १८३९ची. ती करणारा जॉन ग्रॅहम पोस्टखात्यात डेप्युटी पोस्टमास्टर जनरल होता. यादी छापत असतानाच तो वारला आणि उरलेलं काम निम्मो या त्याच्या मित्राने पुरं केलं. या निम्मोचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे. नंतर १८६१ला डालझेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ निघाला. दोघेही जंगलखात्यातले. गिब्सन तर १८४७पासून इलाख्याचा पहिला वनसंरक्षक.

डालझेलची एक गोष्ट मला फार आवडते. आपल्या घाटात शेंदरी-पिवळ्या फुलांच्या उभ्या कणसांची एक काटेरी वेल आहे. तिला वाकेरी म्हणतात, वागाटीही म्हणतात. १८५१मध्ये डालझेलने तिच्यासाठी नवी प्रजाती उभी केली आणि नाव दिलं ‘वागाटिया’. थेट मराठी शब्द, शेवटी फक्त लॅटिनची शेपटी. पण वनस्पतिशास्त्रात नियम एकच, आधी छापलं त्याचं नाव खरं. फ्रान्सच्या अ‍ॅडॅन्सनने १७६३मध्येच मलबारकडच्या नावावरून ‘मौलावा’ ही प्रजाती नोंदवून ठेवली होती. मग वागाटिया बाद, मौलावा कायम. मराठी आणि मल्याळी अशी ही निवड नव्हती. मलबारची नावं आधी छापली गेली, एवढंच.

बेळगावचं नाव या साहित्यात ठळकपणे येतं ते नमुने गोळा करणाऱ्यांमुळे. लॉ नावाचा मुलकी अधिकारी आणि रिची नावाचा डॉक्टर. सड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या तेरड्याच्या एका जातीला आजही लॉचं नाव आहे, इम्पेशन्स लॉई. पावसाळ्यात नमुना वाळवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. कागदात दाबलेली डहाळी रोज कोरड्या कागदात हलवायची, एक दिवस चुकला की बुरशी. या लोकांचे कागद पुढे थिओडर कुक याच्या हाती लागले. कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा प्राचार्य होता. निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू इथल्या वनस्पतिउद्यानात बसून त्याने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याची वनस्पतिसंपदा दोन खंडांत लिहिली.

कुकने प्रत्येक झाडाखाली ठिकाणं प्रदेशवार दिली आहेत. कोकण, दख्खन, कानडा, गुजरात, सिंध, आणि ‘एस. एम. कंट्री’. म्हणजे सदर्न मराठा कंट्री, दक्षिण महाराष्ट्र देश. बेळगाव त्यात येतं. इंग्रजांच्या कारभारातला हा शब्द, आमची रेल्वेही त्याच नावाची होती. कुकचा ग्रंथ १९५८मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने पुन्हा छापला तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात जाऊन दोन वर्षं झाली होती. पानांवर मात्र ‘एस. एम. कंट्री’ तसंच राहिलं. सीमावादावरची एवढी कागदपत्रं चाळली गेली, पण वनस्पतींच्या ग्रंथातला हा पुरावा कुणी हुडकला असेल असं वाटत नाही. अर्थात गवताच्या साक्षीवर सीमा ठरत नाहीत.

लोंढ्याहून पुढे गोव्याकडे रेल्वे गेल्यावर कॅसल रॉक हे ठिकाण नोंदींत वारंवार दिसू लागतं. टॅलबट, सेज्विक, बेल हे अधिकारी कारवारच्या बाजूने याच घाटात फिरले.

१९५६नंतर यादीही विभागली. कर्नाटकाच्या वनस्पतींवर सल्डाना यांनी काम केलं. त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९८४चा. त्याच वर्षी सर्वेक्षणानेही कर्नाटकाच्या वनस्पतींचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. तिकडे यादव आणि सरदेसाई यांनी २००२मध्ये कोल्हापूर जिल्ह्याची वनस्पतिसंपदा छापली. बेळगावकर सहलीला जातात तो वैजनाथचा डोंगर चंदगड तालुक्यात, म्हणून तिथली झाडं कोल्हापूरच्या ग्रंथात. येळ्ळूरगडावरची कर्नाटकाच्या. आणि एकाच जिल्ह्यात कणकुंबीला पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तर अथणीला ढगाची वाट बघावी लागते. त्यामुळे नुसतं ‘बेळगाव जिल्हा’ एवढ्या नोंदीवरून सदाहरित रान की बाभळीचा माळ, हे कळत नाही. जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर ‘बेळगाव’ एवढाच शब्द असतो, तेव्हा हीच अडचण येते.

आता निम्मोकडे. खानापूरच्या जंगलात एक मध्यम उंचीचं झाड आहे, नरक्या. पान चुरगाळलं की घाण वास सुटतो, म्हणून ते नाव. लॅटिनमध्येही बरीच वर्षं ते ‘मॅपिया फीटिडा’ होतं, आणि फीटिडा म्हणजे दुर्गंधी. इथे मराठी आणि लॅटिन नाकांचं एकमत झालं होतं. पण ग्रॅहमने १८३९च्या यादीतच या झाडाला मित्राचं नाव देऊन ठेवलं होतं. ते सापडलं आणि पुन्हा तोच नियम लागू झाला. आता ते नोथापोडायटिस निम्मोनियाना. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांचं मूळ द्रव्य १९६६मध्ये एका चिनी झाडात सापडलं होतं, १९७२मध्ये ते आपल्या नरक्यातही निघालं. मग मागणी आली आणि घाटात बेसुमार तोड झाली. शास्त्रीय नावाने शोधायला कुणी जंगलात येत नव्हतं. तोडणाऱ्यांना झाड दाखवलं गेलं ते ‘नरक्या’ म्हणूनच. भीमगड अभयारण्य २०११मध्ये जाहीर झालं, पण ती तोड त्याच्या आधीपासूनची.

बेळगावात आता पारंपरिक औषधांवरची केंद्रीय संस्था आहे आणि तिचा वाळलेल्या नमुन्यांचा संग्रहही आहे. आजच्या चिठ्ठ्यांवर गाव, उंची, तारीख, अक्षांश-रेखांश असं सगळं येतं.

दोन वर्षांपूर्वी जांबोटीच्या पुढे एका वाडीत मी नरक्याची डहाळी हातात धरून एका आजींना विचारलं, ‘आजी, हे काय?’ मी पान चुरगाळायला गेलो तोच त्यांनी माझा हात धरला. ‘चुरगाळू नको बाबा, जेवायचंय की अजून तुला.’