पाय ठेवायचा की काढायचा? एका जुन्या पेचाची पार्श्वभूमी

लोकलखाली सापडलेला किंवा हायवेवर ट्रकने चिरडलेला माणूस सायनला, केईएमला आणला की ट्रॉमा वॉर्डाबाहेर थांबलेले नातेवाईक डॉक्टरांना एकच विचारतात, "पाय वाचेल ना?" डॉक्टर चाचरतात. दरवेळी ती टाळाटाळ नसते. पाय वाचवता येणे आणि त्या पायावर माणूस उभा राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शल्यचिकित्सेला बऱ्याच उशिरा कळले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाड मोडून कातडीबाहेर आले की पाय कापणे हाच उपचार होता. नाहीतर जखम सडून माणूसच जायचा. १८१२ मध्ये रशियातल्या बोरोदिनोच्या लढाईत नेपोलियनच्या फौजेतल्या लारे या सर्जनने एका दिवसात सुमारे २०० अवयव कापले, तेही भूल न देता. ईथरची भूल आली १८४६ मध्ये, पण जंतुसंसर्ग तसाच राहिला. १८६५ मध्ये ग्लासगोत एका अकरा वर्षांच्या मुलाच्या नडगीवरून गाडीचे चाक गेले. लिस्टर या सर्जनने त्याच्या उघड्या जखमेवर जंतुनाशक कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. जखम न चिघळता भरली आणि पाय राहिला.

पुढची मोठी पावले युद्धांनी टाकायला लावली. दुसऱ्या महायुद्धात धमनी तुटली की ती बांधून टाकत, आणि अशा जखमींतल्या जवळपास निम्म्यांचा अवयव जाई. कोरियाच्या युद्धात धमनी शिवायला सुरुवात झाली आणि हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आले. इकडे सोव्हिएत संघातल्या कुर्गानमध्ये इलिझारोव्ह नावाचा डॉक्टर पन्नाशीच्या दशकापासून पायाभोवती लोखंडी रिंगा आणि हाडातून तारा लावून हाड चक्क वाढवत होता. पश्चिमेला त्याची नीट ओळख १९८१ मध्ये इटलीत झाली. आपल्याकडे हे तंत्र आले आणि अकोल्यासारख्या शहरातही त्याचे केंद्र उभे राहिले. सोबतीला प्लास्टिक सर्जन होतेच, मांडीचे किंवा पाठीचे मांस रक्तवाहिनीसकट उचलून नडगीवर बसवणारे.

थोडक्यात, १९८० च्या दशकात जवळजवळ कुठलाही पाय 'ठेवता' येऊ लागला. पंचाईत तिथूनच सुरू झाली.

ठेवलेला पाय म्हणजे घरात काय, ते पाहा. रिंगचा नट दर सहा तासांनी पाव फेरा फिरवायचा, म्हणजे हाड दिवसाला एक मिलिमीटर सरकते. नवे हाड कडक व्हायला दर सेंटिमीटरमागे साधारण महिना-सव्वा महिना. चिरडून गेलेल्या हाडाची पाच सेंटिमीटरची उणीव भरायची तर अर्धे वर्ष रिंग पायात. रोज प्रत्येक तारेच्या तोंडाशी साफसफाई, कुठूनतरी पू, मग पुन्हा ॲडमिट. पॅन्ट एका बाजूने उसवून नाडीने बांधायची. चाळीत संडास मजल्याच्या टोकाला आणि तोही उकिडवे बसायचा. घरातले एक माणूस याच कामाला जुंपलेले, त्याचा रोजगार बुडालेला.

मग कापायचे कधी, हे ठरवायला गुणांकने आली, म्हणजे जखम जितकी गंभीर तितके जास्त गुण. १९९० मधल्या 'मेस' नावाच्या अमेरिकी गुणांकनात सात किंवा जास्त गुण पडले की पाय काढावा असा संकेत होता. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलने २००६ मध्ये आपल्याकडच्या जखमा पाहून स्वतःचे गुणांकन मांडले. त्यात १४ पर्यंत पाय ठेवा, १७ किंवा जास्त असतील तर काढा, आणि मधले डॉक्टरच्या अनुभवावर. मला हा मधला पट्टा मोकळा सोडण्याचा प्रामाणिकपणा आवडतो.

सगळ्यात जास्त डोळे उघडले ते 'लीप' या अभ्यासाने. अमेरिकेतल्या आठ ट्रॉमा केंद्रांतल्या ५६९ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा करून त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये छापले गेले. पाय काढलेले आणि ठेवलेले यांच्या रोजच्या जगण्यात म्हणावा असा फरक नव्हता. कामावर परतले दोन्हीकडचे साधारण निम्मेच. ठेवलेल्यांना पुन्हा ॲडमिट मात्र जास्त व्हावे लागले. ज्यांची अवस्था वाईट राहिली त्यांच्यात समान धागा होता गरिबी, कमी शिक्षण, विमा नसणे, धूम्रपान, आधाराला माणसे नसणे. आणखी एक समजूत खोटी ठरली. तळव्याला संवेदना नसेल तर पाय काढावा असे पूर्वी मानत. याच रुग्णांत दोन वर्षांनी पाहिले तर ठेवलेल्या अशा बऱ्याच पायांत संवेदना परतली होती.

खर्चाचा हिशेब मात्र तिकडचा इकडे लागू पडत नाही. त्याच गटाने २००७ मध्ये आयुष्यभराचा खर्च मांडला: पाय काढलेल्याचा सुमारे ५,०९,००० डॉलर, ठेवलेल्याचा १,६३,०००. फरक मुख्यतः वारंवार बदलाव्या लागणाऱ्या कृत्रिम पायाचा. आपल्याकडे १९६८ मध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला, ज्यावर अनवाणी चालता येते, मांडी घालता येते, उकिडवे बसता येते. तो धर्मादाय संस्था फुकट बसवून देतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून. मुंबईकर नर्तकी सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर काढावा लागला आणि १९८४ मध्ये त्या जयपूर फूटवर पुन्हा मंचावर नाचल्या. ते उदाहरण खरेच, पण वॉर्डातल्या प्रत्येकाला तेच ऐकवणे मला पटत नाही. गुडघ्याखाली पाय गेला तर चालायला सुमारे पाव पट जास्त शक्ती लागते, गुडघ्यावर गेला तर त्याहून कितीतरी जास्त. दादरचा पूल रोज चढणाऱ्याला तो फरक विचारा.

पैशाची बाजू कायद्याने थोडी सावरली. रेल्वे कायद्यात १९९४ मध्ये आलेल्या कलम १२४-अ नुसार गाडीतून पडलेल्या प्रवाशाला रेल्वेची चूक सिद्ध न करता भरपाई मिळते. चढता-उतरताना पडणेही त्यात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. रूळ ओलांडताना पाय गेलेला माणूस मात्र यात बसत नाही. नोकरीचेही असेच. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे द्यावे लागते. टेम्पोचालक, हमाल, मोटरसायकलवर जेवण पोचवणारा पोरगा यांना हे कलम लागू नाही, आणि ट्रॉमा वॉर्डात तेही येतात.