घावणातला भोपळा मुलाला दिसू द्या

तांबडा भोपळा उकडून मिक्सरला फिरवला आणि घावणाच्या पिठात घातला, तर घावण जरासं पिवळसर होतं, एवढंच. दुधी वाटून आमटीत गेला तर तो ओळखूही येत नाही. भाजी दिसली की तोंड फिरवणारं मूल घरात असलं की कोकणातल्या आयाही आता ही युक्ती करतात. भाजी पोटात गेल्याशी कारण, मग ती कशी का जाईना. पण यात दोन वेगळे प्रश्न आहेत. भाजी मुलाच्या पोटात जाते का, आणि मूल भाजी खायला शिकतं का? दोन्हींची उत्तरं शास्त्रज्ञांनी शोधली आहेत, आणि ती एकसारखी नाहीत.

पहिल्याचं उत्तर होकारार्थी आहे. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात मॉरीन स्पिल, बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयातल्या ४० मुलांवर केलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना तेच पदार्थ वेगवेगळ्या दिवशी तीन तऱ्हेने दिले. एकदा नेहमीसारखे, आणि दोनदा फ्लॉवर, ब्रोकोली, भोपळा अशा भाज्यांचा गर वाढवून, म्हणजे दर ग्रॅममागच्या कॅलरी १५ किंवा २५ टक्क्यांनी कमी होतील अशा बेताने. मुलं तिन्ही वेळा जवळपास सारख्याच वजनाचं जेवली. गर सर्वांत जास्त होता त्या दिवशी भाजी जवळपास पाऊणपट जास्त पोटात गेली आणि दिवसभराच्या कॅलरी १२ टक्क्यांनी घटल्या. ताटात शेजारी वाढलेली उघडी भाजीही त्यांनी नेहमीइतकीच खाल्ली.

यातला कॅलरी घटल्याचा भाग आपण नीट वाचायला हवा. लहान मूल साधारण ठरावीक आकारमानाचं जेवतं, आणि भोपळ्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. १०० ग्रॅम तांदळाच्या पिठात सुमारे ३६० कॅलरी, तर तेवढ्याच भोपळ्यात पंचवीसच्या आसपास. म्हणजे घावणात भोपळा जितका वाढेल तितकं ते घावण हलकं होत जाणार. वजन जास्त असलेल्या मुलांच्या देशात हा फायदा आहे. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. अशा मुलाच्या घासातल्या कॅलरी नकळत कमी करणं हे त्याचं नुकसानच. म्हणून आपलं मूल अंगाने किडकिडीत असेल, तर पिठात गराबरोबर ओलं खोबरं वाटून घाला किंवा वरून चमचाभर तूप सोडा. ओल्या खोबऱ्यात वजनाच्या जवळपास एक तृतीयांश स्निग्धांश असतो. त्याने गेलेल्या कॅलरी भरून निघतात आणि भोपळ्यातलं बीटा-कॅरोटीनही, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य, अंगी लागतं, कारण ते शोषलं जायला आतड्यात थोडी चरबी लागतेच. भोपळ्याच्या भाजीवर खोबरं पेरायची आपली रीत या बाबतीत अगदी योग्य आहे.

वाटल्याने भाजीतलं सगळं जातं असा एक समज आहे. तो खरा नाही. कॅरोटीनचा तर उलट लाभ होतो. ते वनस्पतीच्या पेशींत अडकलेलं असतं. शिजवून वाटल्यावर पेशींच्या भिंती फुटतात आणि ते मोकळं होतं. गाजरावरच्या एका छोट्या अभ्यासात, मोठं आतडं काढलेल्या स्वयंसेवकांमध्ये, शिजवून वाटलेल्या गाजरातलं ६५ टक्के बीटा-कॅरोटीन शोषलं गेलं. कच्च्या चिरलेल्या गाजरातलं ४१ टक्के. चोथा मिक्सरमध्ये बारीक होतो, नाहीसा होत नाही. क जीवनसत्त्व मात्र उष्णतेने आणि हवेने घटतं, आणि भाजी उकडलेलं पाणी ओतून दिलं तर त्याच्याबरोबर फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्वही जातं. ते पाणी पिठातच वापरावं.

लोहाची गोष्ट थोडी अवघड आहे. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला, आणि म्हणून पुष्कळ घरी लाल माठ किंवा पालक वाटून दिला जातो. पालेभाजीतलं लोह शरीर फार थोडं शोषतं. शोषण वाढवायचं तर त्याच जेवणात क जीवनसत्त्व हवं किंवा मासा हवा. माठाच्या घावणावर लिंबू पिळा, नाहीतर सोबत बांगड्याचा काटे काढलेला तुकडा द्या. तेवढ्याने रक्तक्षय बरा होईल असं कोणी समजू नये, त्यासाठी डॉक्टरच गाठायला हवा.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तोच मोठा आहे. मूल भाजी का नाकारतं? दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या अन्नाची धास्ती सर्वांत तीव्र असते. रांगणारं, चालणारं मूल दिसेल ते तोंडात घालू लागतं तेव्हा ही धास्ती त्याला विषारी पाल्यापासून वाचवत आली असावी, असं संशोधक मानतात. लंडनच्या लुसी कुक आणि जेन वॉर्डल यांनी २००७ मध्ये ५,३९० जुळ्यांच्या जोड्यांची माहिती तपासली. मुलामुलांमध्ये या धास्तीत जो फरक दिसतो त्याचा ७८ टक्के भाग अनुवंशिक निघाला. शिवाय कडू चव ओळखणाऱ्या एका जनुकाच्या प्रकारानुसार कोबी, मुळा यांच्या कुळातल्या भाज्या काहींना जास्त कडवट लागतात. भातातला कोथिंबिरीचा एक हिरवा ठिपका पाहून रडणारं मूल हट्टी नाही आणि त्याच्या आईचं वळणही चुकलेलं नाही. सासरच्या माणसांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं.

अनुवंशिक असली तरी ही धास्ती सवयीने ओसरते. लीअन बर्च आणि मिशेल मार्लिन यांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं की दोन वर्षांच्या मुलांना नवा पदार्थ जितक्या वेळा चाखायला मिळाला, तितका तो त्यांना आवडू लागला. बर्च यांच्या पुढच्या कामातून असंही दिसलं की नुसतं पाहून चव आवडू लागत नाही, ती जिभेवर यावी लागते. साधारण आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर भाजी पुढे करणं थांबतं. आणि जबरदस्ती उलटते. सूप संपव असं सारखं सांगितल्यावर मुलांनी ते कमी प्यायलं आणि नावंही जास्त ठेवली, हे २००६ मध्ये ॲमी गॅलोवे आणि सहकाऱ्यांना दिसलं.

चव लागणारच नाही इतका दडवलेला दुधी या हिशेबात धरताच येत नाही. तो पोटात गेला, पण मुलाने तो चाखला नाही. सहा महिने रोज आमटीतून दुधी खाल्लेलं मूल ताटातल्या दुधीच्या फोडीला अनोळखीच मानणार. त्यातून कधी मिक्सरचं भांडं त्याच्या नजरेला पडलं, तर ज्या आमटीवर त्याचा विश्वास होता तीही ते नाकारू शकतं.

मग सांगून घातलं तर खाणार नाहीत, ही भीती? लिझी पोप आणि रँडी वुल्फ यांनी २०१२ मध्ये नेमकं हेच तपासलं. शाळकरी मुलांना एकच खाऊ दोनदा दिला, एकदा भाजीचं नाव लिहून, एकदा न लिहिता. ब्रोकोलीचा केक आणि झुकिनीचा ब्रेड नावासकटही तितकाच आवडला. काबुली चण्याच्या बिस्किटांचं मात्र नाव वाचून मुलांची पसंती उतरली, आणि चणे या मुलांच्या खाण्यात फारसे येत नव्हते. अडसर नावाचा नाही, अनोळखीपणाचा आहे.

आपल्या स्वयंपाकात हे जुनंच आहे. पिकलेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसून, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं घालून धोंडस किंवा तवसोळी करतात. भोपळ्याचे घारगे, काकडीची पानगी, फणसाचं सांदण. भाजी-फळ त्यात पूर्ण मिसळलेलं असतं, पण कोणापासून दडवलेलं नसतं. ओटीवर तवसं किसलं जात असताना पोरं शेजारी बसलेली असतात, चिमूटभर कीस तोंडात टाकतात. भोपळ्याच्या घावणाचंही असंच करा. उकडलेली फोड मुलाच्या हातून कुस्करून घ्या, थोडे तुकडे पिठात राहू द्या, ताटात बाजूला एक फोड ठेवा. ती त्याने खाल्ली नाही तर उचलून ठेवा, काही बोलू नका आणि दोन दिवसांनी पुन्हा वाढा.

तान्ह्यांबाबत एक सावधगिरी. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करताना मऊसूत गर ठीक आहे, पण मिक्सरची सवय लांबवू नये. ब्रिटनमधल्या दीर्घकालीन पाहणीत, नऊ महिन्यांनंतर ज्यांना पहिल्यांदा गुठळीचं अन्न मिळालं ती मुलं सात वर्षांची झाल्यावर फळं-भाज्या कमी खात होती आणि त्यांच्या खाण्याच्या तक्रारीही जास्त होत्या. म्हणून सात-आठ महिन्यांच्या बाळाच्या पेजेत भोपळा काट्याने कुस्करून घाला, बोटात सहज चिरडतील एवढेच मऊ गोळे राहू द्या आणि ते खाईपर्यंत बाळाजवळ बसा.